ओझं कुणाच्या मानेवर? बैलाचं जू, उसाची ट्रॉली आणि कॅरव्हानचा हूक

(एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा असेल तर ऐका.)

ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हवेत, मागं उसानं भरलेल्या ट्रॉल्या, आणि ड्रायव्हर घोडा उभा केल्यासारखा मागच्या दोन चाकांवर ट्रॅक्टर चालवतोय. असं रील तुम्ही बघितलंच असेल. खाली कमेंटा पडतात, "वाघ आहे वाघ!" आज आपण त्या वाघाबद्दल नाही बोलणार. तो ट्रॅक्टर असा उठतो का, हे बघणार आहोत. आणि त्यासाठी तीन-चारशे वर्षं मागं जाऊन परत येणार आहोत.

मी मूळचा नायगावचा. नांदेडहून देगलूरकडं निघालात की नरसी फाट्याच्या आधी लागतं ते नायगाव. बी.टेक. केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या कामात 'लोड बॅलन्सिंग' नावाचा प्रकार असतो. एकाच सर्व्हरवर सगळं ओझं पडलं तर तो बसतो, म्हणून ते चार सर्व्हरवर वाटायचं. मध्यंतरी मी कॅरव्हानबद्दल वाचत होतो. म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर. अमेरिकेत हे घर गाडीला जोडायला एक खास हूक वापरतात, 'वेट डिस्ट्रिब्यूशन हिच'. मराठीत म्हणू, ओझं वाटून देणारा हूक. तो कसा चालतो हे कळलं तेव्हा वाटलं, अरे, हा प्रश्न तर आपल्या गाडीवानांना कधीपासून माहीत आहे. फक्त त्यांच्याकडं स्प्रिंगच्या जागी बैलाची मान होती.

आधी गोण, मग गाडी

चाकं सोडा, आपल्या भागात मालवाहतूक आधी बैलाच्या पाठीवरून व्हायची. लमाण-बंजारा समाजाचे तांडे दख्खनभर धान्य आणि मीठ वाहायचे. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे बघितल्याचं लिहून ठेवलंय. डोळ्यांसमोर आणा. रस्ता अडला की तासन् तास अडलाच.

बैलाच्या पाठीवर 'गोण' असायची. दोन बाजूंना दोन कप्पे, मध्ये पाठ. दोन्हीकडं वजन सारखं हवं, नाहीतर गोण एका अंगाला घसरणार आणि पाठीला जखम होणार. वजन वाटून देण्याचा हा पहिला धडा. मुखेड, कंधार भागात आजही तांडे आहेत, आणि त्यांच्या पूर्वजांचं हे लॉजिस्टिक्स आपल्या इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपेक्षा जास्त मिळत नाही.

गंमत म्हणजे 'कारवाँ' हा फारसी शब्द अशाच तांड्यांसाठीचा. इंग्रजांनी तो उचलला, त्याचं 'कॅरव्हान' झालं, आणि पुढं ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ चाकांवरचं घर असा झाला. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका नौदलातल्या डॉक्टरनं फक्त फिरण्याच्या हौसेसाठी असं घर बांधून घेतलं. नाव ठेवलं 'वॉन्डरर'. ते ओढायला दोन घोडे होते. म्हणजे हौशी कॅरव्हानची सुरुवातही जनावराच्या मानेपासूनच झाली.

उलाळ म्हणजे काय?

आता आपल्या बैलगाडीकडं या. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे गोदावरीच्या खोऱ्यातून धावू लागली. उमरी, धर्माबाद, नांदेड ही स्टेशनं झाली, आणि कापूस, ज्वारी, मिरची घेऊन गाड्या स्टेशनाकडं जायला लागल्या. ओढायला लाल कंधारी किंवा देवणी बैल. दोन्ही जाती आपल्याच मातीतल्या, एक कंधारची, दुसरी लातूरच्या देवणीची.

बैलगाडीला चाकं दोन, कणा एक. म्हणजे ती एक तराजूच आहे. माल कण्याच्या पुढं जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर दाबतं. माल मागं जास्त झाला तर दांडी वर उचलली जाते, जू मानेवरून सुटायला बघतं आणि बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. यालाच म्हणतात गाडी उलाळणं. घरात कुणी सत्तरीचं असेल तर विचारा, "गाडी उलाळ झाली म्हणजे काय?" हातवारे करून सांगतील.

चांगला गाडीवान माल असा भरतो की मानेवर थोडंसंच ओझं राहील. शून्य नाही, थोडंसं. शून्य ठेवलं तर पहिल्या खड्ड्यात गाडी मागं कलंडते. चढ लागला की ओझं मागं झुकतं, म्हणून गाडीवान पुढं सरकून बसतो. उतार लागला की ओझं मानेवर येतं, म्हणून तो मागं सरकतो. गाडीवानाचं स्वतःचं साठ किलोचं शरीर हे त्या गाडीचं ॲडजस्टमेंट होतं. आणि याची किंमत कुणाला पडत होती, हे आपल्या लोकांना पक्कं माहीत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी का करतात? वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात. सणात लपलेलं ते एक मेंटेनन्स शेड्यूल आहे, आणि थोडी माफीसुद्धा.

पुढं रबरी टायर आले. डनलॉप कंपनीनं १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला, आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठी खास टायर निघाले. चाक हलकं फिरू लागलं. मग काय झालं? बैलाचं काम कमी झालं का? नाही. गाडीत माल वाढला. साखर कारखान्यांच्या टायरगाड्या आठवा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', दिवसभर तोड, रात्री गाडी भरून कारखान्याच्या रांगेत. सरकारनं १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. कोणत्या जनावरानं किती ओढायचं, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथं दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. आपल्या उन्हाळ्यात हा नियम किती पाळला गेला असेल, तुम्हीच ठरवा.

एका आयरिश माणसाचा हट्ट

आता जरा लांब जाऊ, आयर्लंडला. हॅरी फर्ग्युसन, जन्म १८८४, शेतकऱ्याचा मुलगा. शेतीचा कंटाळा, यंत्रांचं वेड. ३१ डिसेंबर १९०९ ला स्वतः बनवलेलं विमान उडवलं, आयर्लंडमधलं पहिलं. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आली तेव्हा, १९१७ साली, ट्रॅक्टरची नांगरणी सुधारायचं काम सरकारी खात्यानं त्याला दिलं.

त्यानं बघितलं की ट्रॅक्टरमागं नांगर नुसता साखळीनं ओढल्यासारखा बांधलाय. बैल सोडून यंत्र जोडलं, बाकी जोडणी बैलाचीच. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टरची मागची चाकं फिरायची थांबत नाहीत, आणि पुढचं तोंड वर उठतं. त्या काळचे हलके फोर्डसन ट्रॅक्टर असे मागं उलटून ड्रायव्हर खाली चिरडले जायचे. म्हणजे बघा, उलाळ तीच. फक्त बैलाच्या गळ्याऐवजी आता माणसाचा जीव.

फर्ग्युसन म्हणाला, नांगर आणि ट्रॅक्टर वेगळे नकोत, एक झाले पाहिजेत. त्यानं तीन दांड्यांची जोडणी काढली. खाली दोन, वर एक. आज आपल्याकडं प्रत्येक ट्रॅक्टरला मागं जे 'थ्री पॉइंट लिंकेज' असतं तेच हे. खालच्या दोन दांड्या नांगर ओढतात. माती नांगराला अडवते तेव्हा नांगर पुढं कलंडायला बघतो, आणि वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक, ट्रॅक्टरला पुढं ढकलते. त्यामुळं तोंड खाली दाबून राहतं, आणि नांगराचं व मातीचं वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. जे ओझं ट्रॅक्टरला उलथवणार होतं, तेच आता त्याला जमिनीला धरून ठेवायला लागलं. हायड्रॉलिकसकट याचं पेटंट १९२६ चं.

पुढची गोष्ट सिनेमासारखी आहे. १९३८ साली फर्ग्युसननं हेन्री फोर्डला प्रात्यक्षिक दाखवलं, आणि दोघांनी कागद न करता फक्त हात मिळवून करार केला. १९३९ ला फोर्डचा ९एन ट्रॅक्टर आला. म्हातारे फोर्ड गेले, नातवानं करार मोडला, फर्ग्युसननं कोर्टात खेचलं, आणि १९५२ साली ९२.५ लाख डॉलर वसूल केले. त्याचा स्वतःचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर पाच लाखांवर विकला गेला. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो असल्याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली, त्यातून मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. ते नाव आपल्या शेतात आजही दिसतं.

भारतात आयशरनं १९५९ साली पहिला देशी बांधणीचा ट्रॅक्टर काढला. मग टॅफे, महिंद्रा, एचएमटी, स्वराज. ट्रॅक्टर गावात आला नांगरायला. पण वर्षातले थोडेच दिवस नांगरणी, बाकीचे दिवस काय? हप्ते तर दर वेळी भरायचे. मग मागं ट्रॉली लागली.

इथं गाडी परत उलाळते

फर्ग्युसनची सगळी हुशारी नांगरासाठी होती. ट्रॉली ओढताना टॉप लिंक कामाला नसते. ट्रॉली असते नुसत्या हूकवर. म्हणजे आपण फिरून परत १९१७ साली.

थोडं गणित करू, घाबरू नका. समजा ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २ मीटर. ट्रॉली चिखलातून काढायला १५०० किलोचा ओढा लागतोय, आणि हूक जमिनीपासून अर्धा मीटर वर आहे. तर पुढच्या चाकांवरून १५०० गुणिले ०.५ भागिले २, म्हणजे ३७५ किलो उचलले गेले. पुढं राहिले ४२५. स्टिअरिंग हलकं लागेल, पण चालेल.

आता हूक वर घेतला, ०.८ मीटरवर. उचलले गेले ६०० किलो. पुढं फक्त २०० राहिले. त्यात ट्रॉली दोन चाकी असेल आणि माल पुढं भरला असेल, तर हूकवर खाली दाबणारं वजन वेगळं. चढ वेगळा. संपलं. चाकं हवेत, रील तयार.

आणि चाकं हवेत म्हणजे स्टिअरिंग शून्य. ट्रॅक्टर कुठं जाईल ते ट्रॉली ठरवणार. म्हणून हूक शक्य तितका खाली हवा, आणि टॉप लिंकच्या जागी ट्रॉली कधीच अडकवायची नाही. पुढं कंपनीनं दिलेले वजनाचे ठोकळे लावायचे. बॉनेटवर दोन पोरं बसवणं हे वजन नाही, ते दोन पोरांचं आयुष्य आहे.

मग ड्रायव्हर इतकं भरतो तरी का? कारण पैसे टनावर मिळतात. आमच्याकडं कुंटूरला कारखाना आहे. सीझनला नांदेड-देगलूर रस्त्यावर रात्री मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली समोर आली की पोटात गोळा येतो. खेपेला टन वाढले तर डिझेल वसूल होतं, मुकादमाची उचल फिटते. हूकवरचं ओझं फक्त उसाचं नसतं.

चाकांवरच्या घराचा हूक

आता कॅरव्हान. तिथं प्रश्न उलटा दिसतो, पण तोच आहे. समजा एखाद्या मोठ्या गाडीच्या चाकांत अंतर ३ मीटर, आणि हूक मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागं. ट्रेलरची दांडी हूकवर २५० किलोनं दाबतेय. पुढच्या चाकांवरून १०० किलो कमी होणार, मागच्या चाकांवर ३५० वाढणार. गाडी मागं बसते, तोंड वर, हेडलाइट झाडांवर, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही कमजोर.

मग दांडीवरचं वजन कमी करायचं का? नाही! गाडीवानाचा धडा आठवा, शून्य चालत नाही. माल मागं सरकवला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडं हलायला लागतो, आणि गाडीसकट रस्त्याबाहेर जातो. अमेरिकेत ठोकताळा आहे की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांडीवर हवं. युरोपात ट्रेलर हलके, वेग कमी, म्हणून तिथं हे प्रमाण बरंच कमी असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मऊ स्प्रिंगच्या मोटारींमागं मोठे ट्रेलर लागायला लागले, तेव्हा ओझं वाटून देणारा हूक पसरला. रचना सोपी आहे. हूकच्या डोक्यातून दोन लवचिक पोलादी दांड्या मागं जातात आणि ट्रेलरच्या चौकटीला साखळीनं किंवा ब्रॅकेटनं ताणून बांधतात. ढकलगाडीचे दोन दांडे वर उचलले की तिचं तोंड खाली दबतं, तसंच. या दांड्या वर ओढल्या की गाडीचं तोंड खाली येतं. मागच्या चाकांवर साचलेलं ओझं थोडं पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर जातं. फर्ग्युसनच्या टॉप लिंकचा हा लांबचा चुलतभाऊ. दोघंही एकच सांगतात, जोडणी नुसती ओढणारी नको, वाकायला विरोध करणारी हवी.

निवडायचा कसा? आधी दांडीवरचं खरं वजन मोजा, ट्रेलर पूर्ण भरून. पाण्याची टाकी, गॅस, भांडी, सगळं. त्यात गाडीच्या डिकीत मागच्या चाकांच्या मागं ठेवलेलं सामानही धरा. हूकची क्षमता या आकड्याला बसेल अशी घ्या. फार मोठी घेतली तर दांड्या वाकतच नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका चौकटीला बसतो. लहान घेतली तर ओझं वाटलंच जात नाही. आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये असा हूक चालतो का ते वाचा. काही कंपन्या नाही म्हणतात.

बसवायचा कसा? सपाट जागा. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा. समजा ९० सेंटिमीटर. ट्रेलर जोडा, दांड्या न ताणता परत मोजा. समजा ९४. आता ट्रेलरच्या जॅकनं जोडणी वर उचला, मगच दांड्या चढवा. हाताच्या जोरानं चढवायला जाऊ नका, ताणलेली दांडी सुटली तर हाड मोडते. जॅक खाली घेऊन तिसऱ्यांदा मोजा. वाढलेल्या ४ पैकी निदान २ सेंटिमीटर परत आले पाहिजेत, म्हणजे ९२ किंवा खाली. पण ९० च्या खाली नको, नाहीतर मागची चाकं हलकी पडतात. नक्की किती हे गाडीची कंपनी सांगते. कमी पडलं तर साखळीची एक कडी पुढं घ्या किंवा हूकचं डोकं थोडं कलतं करा. ट्रेलर सपाट दिसला पाहिजे, नाक वर नको. शेवटी वजनकाट्यावर जाऊन तीन वेळा वजन करा. नुसती गाडी, दांड्या न ताणता ट्रेलर, आणि दांड्या ताणून, दर वेळी पुढची-मागची चाकं वेगवेगळी. आणि एक लक्षात ठेवा, हा हूक ओझं वाटतो, कमी करत नाही. गाडीची क्षमता आहे तेवढीच राहते.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, जिथं बैल आणि घोड्यांचा बाजार भरतो, तिथं कुणी कॅरव्हान घेऊन आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. शेजारी एखादी बैलगाडी उभी असेल. दोन्हींचं गणित एकच.

या सगळ्या इतिहासातून मला एक दिसतं. आपण दर वेळी ओझं वाहायची सोय वाढवली, आणि दर वेळी त्या सोयीवर आणखी ओझं टाकलं. टायर आला, माल वाढला. ट्रॅक्टर आला, एकाच्या दोन ट्रॉल्या झाल्या. ओझं कुठंच जात नाही, ते फक्त दुसऱ्याच्या मानेवर जातं. बैलाच्या, नाहीतर ड्रायव्हरच्या, नाहीतर रात्री मागून मोटारसायकलवर येणाऱ्या एखाद्या पोराच्या.

तर आजचं होमवर्क. घरी ट्रॅक्टर असेल तर जाऊन हूकची उंची टेपनं मोजा. जास्त असेल तर खाली घ्यायला सांगा. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर चिकटवा, चहा-नाश्त्याच्या खर्चात काम होतं. आणि आजोबांना 'उलाळ'बद्दल विचारून त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. हे ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, गाडी सांभाळून!